आधी आपलं दप्तर

वंदना, तुझा वर्ग आता माझ्याकडे आलाय. माझी दुसरी आणि तुझी चौथी एकाच खोलीत बसतात, मधे फक्त ते पत्र्याचं कपाट. नवीन शिक्षक येईपर्यंत असंच चालवा, असं मुख्याध्यापक म्हणाले.

पहिल्याच दिवशी तुझ्या पोरांनी माझी परीक्षा घेतली. फळा वरून खाली पुसायचा, आडवा पुसला की धूळ नाकात जाते, हे शिकवलं. हजेरीला आडनाव घ्यायचं नाही, नुसतं नाव घ्यायचं, असं बजावलं. गोंगाट फार झाला म्हणून मी ओरडले, तेव्हा सार्थक उठून अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, वंदना मॅडमले राग आला की त्या पयले पानी पीत होत्या."

मी पाणी प्याले. दुसरं काय करणार?

तुझ्या तेराव्याला तांड्यावर आले होते. मांडवात तुझा फोटो लावला होता, आधार कार्डावरचा मोठा करून. त्यात तू अशी दिसतेस जणू आत्ताच कुणाशी कडाक्याचं भांडून आलीस. बायका रडत होत्या, मीही रडत होते, आणि एकदम मनात आलं, बरोबर आहे, माझ्याशीच भांडून आली असणार. मग मला जे हसू फुटलं ते पदरात तोंड खुपसूनही आवरेना. तुझ्या आईनं, तुझ्या याडीनं, पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, हुंदका आहे. दोन्ही होतं गं ते.

भांडणं तरी किती केली आपण. दिग्रसच्या स्टँडवरून तू मला स्कूटीवर घ्यायचीस, आणि शाळेचा फाटा येईपर्यंत आपलं एक तरी भांडण व्हायचंच. निम्मे मुद्दे वाऱ्यात उडून जायचे. मी मागून ओरडायची, तू पुढून "काय वं? काय म्हणून राह्यली?" असं विचारायचीस, आणि उत्तर ऐकू न येताच त्याला नाही म्हणायचीस.

मी यवतमाळच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. बाबा कचेरीत, आई बँकेत, घरी बोलणं पुस्तकी. तू बंजारा तांड्यावरची. शाळेत रुजू झाले त्या दिवशी माझा तास तू दारातून ऐकलास आणि मी बाहेर आल्यावर म्हणालीस, "मॅडम, तुमी लय शुद्ध बोलता. पोट्ट्यायले वाटते परीक्षाच चालू हाये." मला राग आला होता. आठवडाभरात मी तुला अगं-तुगं करायला लागले, इतकी तू माणसाला जवळ ओढायचीस.

मीनाच्या दप्तराची गोष्ट मी अजून कुणाला नीट सांगितलेली नाही. तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतीस. तरी सांगते, कारण ती आठवणाऱ्या आपल्या दोघींतली आता मी एकटीच उरले.

काही वर्षांपूर्वीचे कापूस वेचणीचे दिवस होते. मी तुझ्या वर्गात डस्टर मागायला आले होते. ओमचा नवा कंपास सापडत नव्हता, उमरखेडच्या मामानं आणलेला, झाकणावर विमान असलेला. तो रडवेला होऊन एवढंच म्हणाला, "माहा कंपास कोनं घेतला?" कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. कुणी कुणाकडे पाहिलंही नाही. आणि पारधी बेड्यावरची मीना आपल्या जागेवरून उठली, पुढे आली, आणि तिनं दप्तर तुझ्या टेबलासमोर उलटं केलं. वह्या पडल्या, तुटकी पट्टी पडली, फडक्यात बांधलेली अर्धी भाकर, मूठभर चिंचोके. सगळं फरशीवर मांडून ती हात मागे बांधून उभी राहिली. चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही. अंगवळणी पडलेलं काम उरकावं तसं तिनं ते केलं.

तू खुर्चीवरून उठलीस, तिच्याजवळ खाली बसलीस, आणि एकेक वस्तू तिच्यासोबत परत दप्तरात भरू लागलीस. भाकर नीट बांधलीस. मग म्हणालीस, "बाप्पा, एवढे चिंचोके! मधल्या सुट्टीत आपून खेळू. मी लय पक्की हाओ बरं, रडशीन नोको." मीना हसली. आख्खा वर्ग हसला. मी डस्टर न घेताच परत गेले.

दुसऱ्या दिवशी कंपास ओमच्याच घरी दिवाणाखाली सापडला. मी स्कूटीवर म्हटलं, "बरं झालं बाई, सापडला एकदाचा."

तू भर रस्त्यात ब्रेक मारलास. मागचा ट्रॅक्टरवाला शिव्या देत पुढे गेला.

"बरं कायचं झालं? नसता सापडला त? मंग ते चोर झाली असती काय?" आणि मग, हळू आवाजात, "तिले कोनं काही म्हटलं नाही, माधुरी. कोनं काहीच म्हटलं नाही, तरी ते उठली. हे तिले कुठून आलं, हे पोरायले सांगा लागते."

तिथून आपलं सगळ्यात मोठं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, चौथीची पोरं आहेत गं. इतिहास म्हणजे त्यांना अजून किल्ले आणि घोडे. माणसांनी माणसांना जन्मावरून, रंगावरून, जातीवरून कसं वागवलं हे त्या डोक्यात कसं मावणार? घाबरतील. नाहीतर घरी जाऊन भलतंच बोलतील.

"कोणाच्या बाजूले बसायचं नाही, हे त्यायले पयलीतच येते," तू म्हणालीस. "काहून बसायचं नाही, हे सांगाले आपून दहावीची वाट पाह्यची?"

मग मी पद्धतीवर आले. मी एका प्रशिक्षणात पाहिलेला खेळ सुचवला. अर्ध्या वर्गाला हिरवी फीत, अर्ध्याला लाल. दिवसभर लाल फीतवाल्यांना मागे बसवायचं, पाणी शेवटी द्यायचं. संध्याकाळी विचारायचं, कसं वाटलं?

"नाही," तू म्हणालीस. "लेकराले रडवून शिकवलं त ते फक्त रडणं ध्यानात ठेवते. अन् मीनाले फीत कायले पायजे? ते त रोज बांधूनच येते."

मी तेव्हा मान्य केलं नाही. म्हटलं, तुझ्या नुसत्या गोष्टींनी काही होणार नाही. आपण फाट्यापर्यंत एकमेकींशी बोललो नाही. उतरताना तू डब्यातला ठेचा माझ्या डब्यात घातलास, आणि मी तो घेतला. आपले तह असेच व्हायचे.

शिकवायच्या आधी तू मला घेऊन बेड्यावर गेलीस, त्यांच्या वस्तीत. मीनाची आई चुलीपुढे होती. तू सरळ विचारलंस, वर्गात तुमच्या लोकांचा इतिहास सांगू का? तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "सांगा मॅडम. पन माही पोरगी बिच्चारी नोका दाखवू." मीना मागून म्हणाली, "अन् माह्या आज्याले तितराची बोली येत होती, थे बी सांगा."

"तूच सांग," तू म्हणालीस.

तो तास मी मागच्या भिंतीला टेकून ऐकला. तू हजेरीपासून सुरू केलंस. म्हणालीस, तुम्ही रोज सकाळी हजर म्हणता, मजेत म्हणता. एक काळ असा होता की काही जमातींच्या मोठ्या माणसांना पोलिसांपुढे जाऊन हजेरी द्यावी लागायची. त्यांनी काही केलं होतं म्हणून नाही. इंग्रज सरकारनं कायदाच केला होता की अमुक जमातीत जन्मला तो जन्मतःच गुन्हेगार. गाव सोडायचं तर परवानगी. काहींना तर तारेच्या कुंपणात ठेवलेलं.

"सुट्टी नव्हती का?" कुणीतरी विचारलं.

"नाही. दिवाळीलेही नाही."

"मंग वार्षिक परीक्षेत पास झाल्यावर सोडत असन."

"त्या शाळेत पासच होता येत नव्हतं," तू म्हणालीस. वर्ग गप्प झाला. आणि तू त्या शांततेत पोरांना फार वेळ ठेवलं नाहीस, हे मी नंतर कितीदा आठवलं. लगेच सांगितलंस की इंग्रज गेले, आपलं राज्य आलं, आणि तो कायदा आपल्या लोकांनी रद्द केला. पण कायदा जातो तशी सवय जात नाही. ती बघणाऱ्याच्या डोळ्यात राहते आणि ज्याच्याकडे बघतात त्याच्या अंगात राहते.

मग तू दूरच्या देशात गेलीस. काळ्या कातडीच्या माणसांना जहाजात कोंबून नेऊन विकलं, आणि ती गुलामी संपल्यावरही बसमध्ये त्यांना मागं बसवायचे, पुढची जागा गोऱ्यांची, हे सांगितलंस. आपली पोरं एसटीत वाढलेली. ती एकदम जागी झाली. खिडकीची जागा कुणाची? उभं राहायचं झालं तर कुणी? आणि ओमनं विचारलं, "मॅडम, मंग कंडक्टर काय करत होता?"

तुझा चेहरा असा खुलला की काय सांगू! "वा रे माह्या वाघा! मले डीएडले कोनं हा प्रश्न नाही विचारला." आणि अर्धा तास तुम्ही सगळे त्या कंडक्टरबद्दलच बोललात. तो ओरडत असेल का? त्याला वाईट वाटत असेल का? वाटत असेल तर तो बोलत का नसेल? एकीनं सुचवलं, नोकरी जाईल म्हणून. दुसरा म्हणाला, त्याच्या घरी बी तसंच शिकवलं असन.

तिथे तू आपल्या घरी आलीस. तिसऱ्या कुणाच्या नाही, स्वतःच्या. म्हणालीस, आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरायचे. तो धंदा बुडाला आणि कितीक ठिकाणी आमच्यावरही चोराचा शिक्का बसला. माझ्या आज्यानं हे सोसलंय. आणि तरीही, परवा मी बेड्यावरून घरी गेले, तर माझी याडी म्हणाली, पारध्याच्या घरी गेल्तीस, हातपाय धुऊन आत ये.

पोरांचे डोळे मोठे झाले. मॅडमची आई चुकते?

"तुमाले राग आला काय, मॅडम?"

"आला ना. लय आला. मंग तिच्या हातची भाकर खाल्ली. मंग पुन्हा भांडली. आजही जाऊन भांडणार हाओ."

वंदना, तुला मी हे कधीच बोलले नाही, की त्या क्षणी मला तुझी सगळी युक्ती कळली. तू कुणाच्या बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नाहीस. स्वतःच्या आईला पुढे केलंस, आणि ती वाईट बाई नाही हेही दाखवलंस. आता प्रत्येक पोराला आपापल्या आजीकडे बघायला वाट मिळाली. तिच्यावर प्रेमही करता येतं आणि तिच्याशी भांडताही येतं.

शेवटी मीना उठली. तिनं आज्याची गोष्ट सांगितली, हाताचा द्रोण तोंडाशी धरला आणि तितराची हाक घातली. खोलीत खराखुरा तितर शिरल्यासारखं झालं. मग काय, आख्खी चौथी तितर झाली. मुख्याध्यापक पळत आले, "काय चाललंय हे?" आणि तू गंभीर तोंड करून म्हणालीस, "सर, इतिहासाचा तास."

आठ दिवसांत ओमचे वडील आले. गजाननभाऊ, आपल्या शाळा समितीचे अध्यक्ष, कापसातुरीचे मोठे शेतकरी, आवाज त्याहून मोठा. "लहान पोरायच्या डोक्यात कायले जातपात भरून राह्यल्या, मॅडम? आमच्या गावात असं काही नाही. ओम जेवताना मले विचारते, तुमच्या बसचा कंडक्टर कसा होता म्हून!"

तू चहा सांगितलास. त्यांनी प्याला नाही. ते तालुक्याला तक्रार करून आले, आणि शाळेत कुजबुज सुरू झाली की तुझी बदली होणार. तुझी मुलगी तेव्हा लहान. याडीचे गुडघे गेलेले. बदली उमरखेडकडच्या कुठल्या आतल्या गावी झाली असती तर घर विस्कटलं असतं. स्कूटीवर मी म्हटलं, जरा दमानं घे, काही दिवस किल्लेच शिकव. तू नुसती मान हलवलीस. होय की नाही ते पाठीमागून कळलं नाही.

केंद्रप्रमुख चौकशीला आले तेव्हा गजाननभाऊ सोबत होते. तुला बाहेर थांबायला सांगितलं. मी तुझ्या शेजारी व्हरांड्यात उभी होते, आणि आपण दोघी जाळीतून ऐकत होतो.

साहेबांनी विचारलं, "मॅडमनी इतिहासात काय शिकवलं, सांगा बरं कोणी."

बापाकडे बघत बघत ओम उठला.

"सर," तो म्हणाला, "आपली वस्तू हारपली त आधी आपलं दप्तर पाह्यचं. मंग आपलं घर पाह्यचं. दुसऱ्याकडे पाह्यचंच नाही."

"आणि तरी नाही सापडली तर?"

ओमनं विचार केला. "त हारपली म्हना लागते, सर. चोरली नाही म्हना लागत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग गजाननभाऊंकडे वळून म्हणाले, "भाऊ, हे आपल्या ऑफिसात शिकवायला पाहिजे." भाऊंच्या मिशीत काहीतरी हललं. पोरानं चारचौघांत धीटपणे उत्तर दिलं याचा बापाला अभिमान वाटत होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

बदली झाली नाही. गजाननभाऊंनी माफी वगैरे मागितली नाही, तूही मागावी असं म्हटलं नाहीस. जाताना ते दारात थांबले. "शिकवा तुमी. पन पोराले मले जेवताना प्रश्न विचारू देऊ नोका."

"थे माह्या हातात नाही, भाऊ," तू म्हणालीस. या वेळी ते चहा प्यायले.

ते गेल्यावर तू मला एवढ्या जोरात मिठी मारलीस की माझा चष्मा पडला. "पाह्यलं? गोष्टीनं होते! फितीची गरज नाही!" मी म्हटलं, "एका पोराच्या उत्तरावर पद्धत सिद्ध होत नाही." तू म्हणालीस, "जळकुकडी."

तुझ्या शेवटच्या आजारात, यवतमाळच्या दवाखान्यातही आपण त्यावरच भांडलो. हाताला सलाईन, अंगात ताकद नाही, आणि तू म्हणतेस, "फीत कापडाची का कागदाची होती तुई?" तू चिडवत होतीस, मला कळत होतं. मला तेव्हाच म्हणायचं होतं की तू बरोबर होतीस, मी केव्हाच तुझ्या बाजूला आले आहे. जिभेवर आलं होतं. पण मी सहजासहजी हरत नाही हे तुला माहीत. मी हार मानली असती तर तू माझ्याकडे बघून ताडलं असतंस की डॉक्टर बाहेर काय बोलले. म्हणून मी म्हटलं, "कापडाची. आणि पुढच्या वर्षी मी तो खेळ घेणारच." तू समाधानानं डोळे मिटलेस. "घे त खरं," म्हणालीस, "मंग पाहतो तुले."

आता सांगते. तू बरोबर होतीस. पूर्ण नाही, पण पुष्कळ. उरलेल्यावर अजून भांडता आलं असतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. फाट्यापर्यंत मी आता एसटीनं येते, आणि माझं बोलणं कुणी मधेच तोडत नाही.

मागच्या बुधवारी मी तो तास घेतला. तुझ्यासारखा जमला नाही. हजेरीपाशी मी अडखळले, जहाजांपाशी फार गंभीर झाले, मग सार्थकनं खुणेनं पाण्याची बाटली दाखवली. माझ्या आजीची गोष्ट सांगितली मी, ती कामवालीला चहा कुठल्या कपात द्यायची ती. घरात कधी कुणी बोललो नव्हतो त्यावर. सांगताना आजीचा सुरकुतलेला हात आठवला आणि एकच वाक्य दोनदा सुरू करावं लागलं, पण पोरं थांबली माझ्यासाठी. चांगली घडवलीस तू त्यांना.

कपाटापलीकडची माझी दुसरी त्या वेळी वजाबाकी करत होती, निदान मी तसं समजत होते. घंटा झाली, सगळे खिचडीकडे पळाले. दुसरीतली इवलीशी काव्या मात्र ताट घेऊन माझ्यापुढे उभी.

"मॅडम, मोठ्यायले हे कोन शिकवते?"

मी इकडेतिकडे पाहिलं. उत्तर द्यायला तू नव्हतीस. म्हणून तिला शेजारी बसवलं आणि जमेल तसं सांगायला लागले, की काही मोठी माणसं आपणच शिकतात, काहींना त्यांची मुलं शिकवतात, काही नाहीच शिकत. आख्खी मधली सुट्टी त्यात गेली. तिनं खिचडी खात खात सगळं ऐकून घेतलं, बोटं चाटली, आणि म्हणाली, "मंग माह्या बाबाले तुमीच शिकवा. ते रविवारी घरीच राह्यते."

रविवारी जाते आहे, वंदना.